फार स्वच्छ झालेली तोटी

गाळणं स्वच्छ झालं की नाही हे मोरीत कळत नाही, ते उजेडाला धरावं लागतं. दुपारी चारच्या सुमाराला आमच्या कर्वेनगरच्या घरात पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत येतं. त्या उन्हासमोर गाळणं धरायचं आणि एक डोळा मिटायचा. सगळी भोकं उघडी असतील तर हातात गाळणं आहे हेच मला विसरायला होतं, समोर नुसता बारीक बारीक उजेड असतो. एखादं भोक बुजलेलं असलं तर तेवढ्या जागी काळा ठिपका दिसतो. त्या एका ठिपक्यापायी मी अर्धा अर्धा तास खिडकीत बसलेली आहे. अशा वेळी शेगडीवरचं दूध उतू गेलं तरी तुम्हाला पत्ता नसतो, असं माझी सून म्हणते. ती खोटं बोलत नाही.

चहाची भांडी आतून साफ करणं हे माझं काम. तीसेक वर्षं पुण्यातल्या एका सरकारी विश्रामगृहाच्या पॅन्ट्रीत केलं आणि निवृत्त झाल्यापासून घरी करते. विश्रामगृहात साहेबलोकांच्या बैठका व्हायच्या. बैठकीत काही ठरो न ठरो, चहा वेळेवर व्हायचा. किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं, गाळणं असा सगळा ट्रे आतून परत आला की पुढचं माझ्याकडे. हे काम मी वडिलांकडून शिकले. ते लष्कराच्या एका मेसमध्ये होते. कपबशी कोणीही विसळतं, तोटी धुणारा माणूस वेगळा, असं ते म्हणायचे आणि म्हणताना जरा ताठ बसायचे. आम्हा भावंडांना त्याचं हसू यायचं. आता तेच वाक्य मी सुनेला ऐकवते आणि ती हसते.

घराच्या दारावर मुलानं पाटी लावून दिली आहे. मजकूर माझा: 'चहाची भांडी आतून साफ करून मिळतील. बाहेरून ज्याची त्यानं घासावीत.' बरेच लोक पाटीचा फोटो काढून निघून जातात. एखादा भांडं घेऊन परत येतो.

ज्यांनी किटलीच्या आत कधी डोकावून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चहा जसा रंग सोडतो तसा थरही सोडतो. रोज एक पापुद्रा, डोळ्यांना न दिसणारा. आपला दूध-साखरेचा चहा असला की तो थर चिकट होतो आणि त्यावर बोअरच्या पाण्यातला क्षार बसतो. याला आम्ही किटण म्हणतो. किटलीच्या पोटातलं किटण हाताला लागतं, ते कोणीही काढेल. तोटीतलं लागत नाही. तोटी पोटाला जिथे जोडलेली असते तिथे आतून चार-सहा भोकं असतात आणि पुढे ती जिथे वळते तिथे तिचं कोपर असतं. सगळं किटण त्या कोपरात जाऊन बसतं. तिथे ब्रश वळत नाही. तार घातली तर धातूवर ओरखडे उठतात आणि नवं किटण त्या ओरखड्यांना धरून दुप्पट बसतं. म्हणून धुण्याच्या सोड्याचं कडकडीत पाणी सहा-सात तास भरून ठेवायचं, मग काथ्याची बारीक दोरी गाठी मारून तोटीतून ओवायची आणि दोन्ही टोकं धरून ताक घुसळल्यासारखी मागेपुढे ओढायची. ॲल्युमिनियमच्या किटलीला सोडा लावायचा नाही, ती काळी पडते, तिला लिंबू. स्टीलचं गाळणं आचेवर लाल करून आपटलं की अडकलेली चहापूड राख होऊन पडते. चांदीच्या गाळण्यावर हा प्रयोग केलात तर माझ्याकडे येऊ नका.

काम झालं की नाही हे तोटीच्या बाबतीत पाहता येत नाही, ऐकावं लागतं. पाणी भरून किटली कलती करायची आणि गप्प बसायचं. मोकळी तोटी एका सुरात बोलते. बुजलेली तोटी अडखळते, मध्येच गुळगुळ करते आणि शेवटी शिंतोडे उडवते. वडील मला डोळे मिटायला लावून ऐकवायचे. किती किटल्या ऐकल्या असतील देव जाणे, पण अजूनही पाण्याची धार लागली की मला हळूच गुंगी येते. कुठे बसले आहे, किती वाजले, काही राहत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. कोथरूडचे एक निवृत्त प्राध्यापक किटली घेऊन आले. दर रविवारी पाहुण्यांसाठी हिच्यातून चहा होतो आणि दर रविवारी पहिल्या कपाला मातीचा वास येतो, अशी त्यांची तक्रार होती. तीन महिने ते बायकोच्या चहाला नावं ठेवत होते. मी तोटीत विजेरी मारली तर आत ओली माती. मला उलगडा होईना, म्हणून मी सरळ त्यांच्या घरी जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले. अर्ध्या तासानं एक कुंभारमाशी तोंडात मातीची गोळी धरून आली आणि तोटीत शिरली. ती आठवडाभर तोटीत घर बांधायची आणि रविवारी त्यावर उकळता चहा पडायचा. सोमवारी ती पुन्हा पाया घालायची. आम्ही तिघं बराच वेळ तिच्याकडे बघत उभे होतो. प्राध्यापकांच्या सौ. म्हणाल्या, तुम्ही प्रबंध अर्धा सोडलात, हिला बघा. तोटीला टोपण घालायला सांगून मी निघाले. पैसे घ्यायचे विसरले, असं घरी आल्यावर लक्षात आलं.

सगळंच असं गमतीचं नव्हतं. वडिलांची एक सवय मलाही होती, तोटी झाली की तिला तोंड लावून फुंकर मारायची. आत काही राहिलं असेल तर फुंकरीचा आवाज बदलतो. बिबवेवाडीच्या एका घरी मी तिथेच बसून काम करत होते आणि सवयीनं फुंकले. घरच्या वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी ती किटली माझ्यासमोर तीनदा उकळत्या पाण्यानं विसळली आणि मग चौथ्यांदा. त्याआधी माझं आडनाव विचारून झालेलं होतं. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्म घेतला, ते आमच्या आडनावावरून पुण्यात पुष्कळांना चटकन कळतं. वहिनींना उष्ट्याची अडचण होती की आडनावाची, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. उष्ट्याची असेल तर त्यांचं बरोबरच होतं. तरी स्वारगेटला बस बदलायची होती ती समोरून निघून गेली आणि मी बाकावर बसून राहिले. मला फार राग आला होता, आणि कोणावर ते नक्की न कळल्यामुळे जास्तच आला होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रिक्षावाल्याकडून जुन्या भोंग्याचा रबरी फुगा मागून आणला. तेव्हापासून मी तोंड लावत नाही, फुगा दाबते. फुग्यानं काम जास्त चांगलं होतं, हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

आता ज्या कामाबद्दल लिहायला बसले ते सांगते. ते माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम, आणि तेच मी करायला नको होतं.

शनिवार पेठेत एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दामले काका एकटे राहतात. ते पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. वय ऐंशीच्या पुढे. काचबिंदूनं त्यांचे डोळे वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू गेले, आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. काकू गेल्या त्यालाही बरीच वर्षं झाली. स्वयंपाकाला बाई येते, पण दुपारचा चहा काका स्वतः करतात आणि जर्मन सिल्व्हरच्या जुन्या किटलीतून स्वतः ओतून घेतात. कोणी आलं तर त्यालाही देतात. त्यांची एकुलती एक मुलगी मीनल बंगळुरूला कंपनीत आहे. ती सुटीत आली तेव्हा तिनं किटलीत बोट घातलं आणि ते काळं झालेलं पाहून मला फोन केला.

मी गेले तेव्हा काका आत झोपले होते. मीनलनं किटली आणि गाळणं माझ्या पिशवीत दिलं. विश्रामगृहात आमचा एक नियम होता, भांड्याला हात लावण्याआधी ते रोज वापरणाऱ्याला विचारायचं. मी काकांना विचारलं नाही. डोळ्यांनी दिसत नाही त्या माणसाला किटली आतून काळी काय आणि पांढरी काय, असं मला तेव्हा वाटलं असणार. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

घरी आणून तोटीत विजेरी मारली आणि मी हरखले. ज्या तोटीत करंगळी जायला हवी तिथे पेन्सिल शिरत नव्हती. एवढं किटण मी विश्रामगृहातही पाहिलं नव्हतं. दोन दिवस सोड्याचं पाणी बदलत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी काथ्याच्या दोरीबरोबर कोपरातला अख्खा थर बाहेर आला, सापाची कात निघावी तसा, तोटीच्या वळणासकट. मी तो वर्तमानपत्रावर ठेवला आणि सुनेला दाखवला, शेजारणीला दाखवला. मग पाणी भरून किटली कलती केली. अशी गोल, भरदार धार मी फार दिवसांनी ऐकली. वडील असते तर त्यांना ऐकवली असती, असं वाटून माझे डोळे भरून आले. किटली मी मीनलच्या हातात दिली. दोन दिवसांनी ती बंगळुरूला परत गेली.

गाळणं द्यायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं होतं. तीन आठवड्यांनी ते घेऊन गेले तर दार मीनलनंच उघडलं. ती पुन्हा कशी आली, हा प्रश्न मी विचारण्याआधीच मला काका दिसले. ते खुर्चीत बसले होते. डाव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज होतं आणि पुढ्यात थर्मास होता. मीनलनं माझं नाव सांगितलं तशी त्यांनी मान वळवली.

"कमलताई, तोटी साफ तुम्हीच केलीत ना?"

"हो काका."

"उत्तम केलीत," ते म्हणाले. "फारच उत्तम केलीत."

पुण्यात जन्म गेल्यावर अशा 'उत्तम'चा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. झालं होतं ते असं. काका कप डाव्या हातानं धरत आणि उजव्या हातानं किटली कलती करून मनात आकडे मोजत. नऊ म्हटलं की कप भरे, किटली सरळ. ही त्यांची कित्येक वर्षांची पद्धत. मीनल होती तोवर चहा तीच ओतत होती, ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तसंच मोजलं. मोकळ्या तोटीतून कप पाचालाच भरला आणि सहा ते नऊ एवढा उकळता चहा त्यांच्या हातावर पडला. हात झटकताना किटली खाली पडली, ते घसरले. शेजाऱ्यांनी डॉक्टरकडे नेलं आणि मीनलला फोन केला. ती मिळालं ते विमान धरून आली.

मीनल माझ्याशी वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आणखी पंधरा दिवस ती इथूनच लॅपटॉपवर काम करणार होती, मग काकांना कायमचं बंगळुरूला नेणार होती. दोन तिकिटं काढून झाली होती, घर भाड्यानं द्यायचं ठरत होतं. शेगडीची बटणं काढून तिनं आपल्या पर्समध्ये ठेवली होती. काकांना जायचं नव्हतं. बंगळुरूला मी सामान होईन, ते म्हणाले, इथे अजून माणूस आहे. बरीच वादावादी होऊन बाप-लेकीत एक ठरलं होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी काकांनी तीन कप चहा स्वतः करायचा आणि स्वतः ओतायचा. थेंब न सांडता जमलं तर मीनल एकटी जाईल. नाही जमलं तर काका मुकाट्यानं विमानात बसतील.

मला त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही. एका म्हाताऱ्या माणसाचं घर माझ्या काथ्याच्या दोरीनं ओढून काढलं होतं. ज्या थराचं मी प्रदर्शन मांडलं, तोच त्यांचा आधार होता. तोटी बुजत गेली तसतशी त्यांची नजर गेली, दोन्ही इतक्या सावकाश की मोजणीही बरोबरीनं बदलत गेली. हे मला काकांनीच नंतर सांगितलं. अहो, आम्ही दोघं एकत्रच बुजत आलो, असं त्यांचं म्हणणं.

आधी मी माझी चूक धातूनंच दुरुस्त करायला गेले. ओळखीच्या तांबटाकडून तोटीत बसेल अशी बारीक नळी घडवून घेतली. काकांनी किटली कलती केली, कान लावला. नळी शिट्टी वाजवत होती. "हिला कोणीतरी गाण्याची शिकवणी लावली आहे," ते म्हणाले, "ही आमची नव्हे." नळी काढली. मग मी काय केलं असेल तर किटली घरी नेली, सगळ्यात हलकी चहापूड आणली, दुधा-साखरेत काळीठिक्कर उकळली आणि किटलीत भरून ठेवली. पुन्हा उकळली, पुन्हा भरली. आयुष्यभर किटण काढणारी बाई किटण लावत बसली होती. सून दारातून बघून निमूट आत गेली. दोन दिवसांनी तोटीत नखभर रंग चढला होता. तो घेऊन मी काकांकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं.

काका बराच वेळ तोटीत बोट फिरवत होते. "तीस वर्षांचं काम तुम्ही दोन दिवसांत करायला निघालात," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले की धरणाचा दरवाजा नवा बसला की जुना परत बसवत नाहीत, खालच्या गावांनी पाणी नव्यानं मोजायचं असतं. उद्यापासून दुपारी या, असं त्यांनी मला सांगितलं. मला वाटलं, हुकूम सोडला. घरी येताना कळलं की विनंती होती.

मग आमच्या दुपारी सुरू झाल्या. तीन वाजता मी जायची. पेठ त्या वेळी निजलेली असते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक परात, परातीत कपबशी, किटलीत गार पाणी. काका ओततात, मी बघते. पहिल्या दिवशी त्यांनी पाच आकडे मोजले. पण किटली भरलेली असली की धार वेगळी आणि रिकामी होत आली की वेगळी, पाचाचे कधी सहा होत, कधी साडेचार. परात भरत राहिली. जुन्या तोटीत किटणानं धारेला लगाम घातलेला होता, आता ती मोकाट सुटली होती. सगळे त्यांना सांगत होते की कपात बोट बुडवून अंदाज घ्या. पाहुण्याला बोट बुडवलेला चहा देण्यापेक्षा चहा सोडेन, हे त्यांचं उत्तर. मीनलनं कपाला अडकवायचं एक यंत्र मागवलं, कप भरत आला की ते ओरडतं. काकांनी ते एकदा ओरडू दिलं. "घरात ओरडायला तुझी आई होती," ते म्हणाले. "कपानं ओरडलेलं मला चालणार नाही."

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या समोर बसून डोळे मिटले. मला माझ्या कानांची घमेंड होती. ओता म्हटलं. धार लागली आणि मी नेहमीप्रमाणे तोटी ऐकू लागले. एका सुरातली, सुरेख तोटी. आणि माझ्या लक्षात आलं की तोटीच्या आवाजातून कपाचं काहीच कळत नाही. मी जन्मभर पाणी जिथून निघतं ते ऐकत आले होते. काकांना पाणी जिथे पोचतं ते ऐकायला हवं होतं. मी त्यांना पुन्हा ओतायला सांगितलं, पुन्हा, पुन्हा. कप रिकामा असताना पाण्याचा आवाज ऐसपैस असतो. अर्ध्यावर तो आवळायला लागतो. काठाशी आला की बारीक होत होत जवळजवळ बंद पडतो, आणि त्या बंद पडण्याच्या थोडं आधी हात उचलायचा. मी हे बोलून दाखवलं. काका म्हणाले, विहिरीत कळशी सोडताना आमच्या गावच्या बायका हेच ऐकायच्या.

त्यानंतरचे दिवस मला वेगवेगळे आठवत नाहीत, एकच लांब दुपार आठवते. खिडकीच्या जाळीतून ऊन आत येतंय, कबुतरं घुमतायत, आणि कपात पाणी पडतंय. काका डोळे उघडे ठेवून, मी मिटून. कधी कधी आम्ही बोलायचो. ते कालव्याच्या काठानं चालत केलेल्या फेऱ्यांबद्दल सांगायचे, रोटेशन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटलं की कोरड्या कालव्यात पाणी येताना आधी कसा नुसता थंड वास येतो ते सांगायचे. मी वडिलांबद्दल सांगायची. पुष्कळदा काहीच बोलायचो नाही. मध्येच माझा डोळा लागायचा आणि स्वप्नातही धार चालूच असायची. गार पाण्यावरून आम्ही कोमटावर गेलो, कोमटावरून गरमावर. गरम पाण्याचा आवाज गार पाण्याहून मऊ असतो, हे मला या वयात कळलं. एवढं काम करून मला ते माहीत नव्हतं.

एका दुपारी काका हात धुवायला गेले असताना मीनल कानातले इअरफोन काढून बाहेर आली. परातीत पाणी थोडंच होतं, ते तिनं पाहिलं. "ताई, त्यांना फार आशा लावू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "तिकडे माझा फोन वाजला ना, की नाव बघायच्या आधी वाटतं, शेजाऱ्यांचाच असणार. मीटिंगमध्ये, बाजारात, कुठेही. तुम्ही त्यांचा चहा बघताय. मला तो फोन ऐकू येतो." तिचंही खरं होतं. तिनंच परातीतलं पाणी कुंडीत ओतलं आणि ती आत गेली.

ठरलेल्या दिवशी मीनलनं पर्समधून बटणं काढून शेगडीला बसवली आणि ती स्वयंपाकघराबाहेर जाऊन बसली. मीही. आत आधणाचा आवाज, आल्याचा वास, गाळण्याचा ठोका. काकांनी किटली भरून बाहेर आणली, तिथल्या टेबलावर तीन कपबशा चाचपून ओळीत लावल्या. बँडेज निघालं होतं, हातावर गुलाबी कातडी आली होती. पहिला कप माझा. त्यांनी मान कपाकडे कलती केली, धार सोडली. आवाज ऐसपैस झाला, आवळला, बारीक झाला, आणि हात उचलला गेला. काठाखाली अर्ध्या बोटावर चहा थांबला.

दुसरा कप मीनलचा. धार अर्ध्यावर आली आणि घराच्या उघड्या दाराबाहेर लिफ्ट येऊन थांबली. कोणीतरी तिचं दार उघडं टाकून गेलं. त्या लिफ्टमध्ये एक ध्वनिमुद्रित बाई आहे. ती खणखणीत आवाजात 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणू लागली आणि म्हणतच राहिली. काकांच्या कपाळाला आठी पडली, किटलीचा हात थबकला, मग पुढे कलला. त्यांनी हात उचलला तेव्हा चहा काठावरून उतरून बशीत आला होता. फार नाही, चार घोट असतील. टेबलावर एक थेंब नव्हता. पण बशी भरली होती, आणि ते मला दिसत होतं, मीनलला दिसत होतं.

लिफ्टमधली बाई गप्प झाली. मी मीनलकडे बघायचं टाळलं. गप्प राहिलो तर कदाचित निभेल, असा पापी विचार माझ्या मनात येऊन गेला. काकांनी किटली खाली ठेवली.

"मीनल, बशीतला आधी पी," ते म्हणाले. "तो लवकर गार होतो."

म्हणजे बशीत उतरलेला चहा त्यांनी ऐकला होता, आणि लपवलाही नाही. मीनलनं कप उचलून बाजूला ठेवला, बशी दोन्ही हातांनी तोंडाला लावली आणि सावकाश, आवाज करत, सगळा चहा प्यायली. बशी रिकामी करून तिनं ओठ पुसले आणि कपातलाही संपवला. काका समोर मान खाली घालून बसले होते.

तिनं रिकामा कप त्यांच्यासमोर सरकवला.

"बाबा, अजून अर्धा ओता," ती म्हणाली. "तुमचं तिकीट मी रद्द करते."

काकांनी किटली उचलली आणि कपाकडे मान झुकवली. मी उठून बाहेरचं दार लावून घेतलं.